मागे माड, पुढे थांबलेलं पाणी

कोकणात मसुऱ्यात गडनदीच्या काठी उभं राहून पाण्यात काही लांब फेकायचं म्हटलं, तर अडचण पुढे नसते, पाठीमागे असते. पुढे पाणीच पाणी. मागे माड, माडांच्या मागे बांबूचं बेट, आणि जरा खाली खाडीच्या अंगाला गेलात तर कांदळ आणि तिवर. हात मागे नेऊन झोकात फेक करावी, तर गरी थेट झावळीत. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या तीन गऱ्या अजून तिथेच लोंबत आहेत.

ही अडचण एकट्या मसुऱ्याची नाही. स्कॉटलंडमध्ये स्पे नावाची नदी आहे. रुंद, जोरात धावणारी, आणि काठ उंच, झाडीने गच्च. तिथे सॅमन धरणाऱ्यांनाही मागे दोरी फेकायला जागा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी एक युक्ती पक्की केली. दोरी मागे फेकायचीच नाही. तिचं टोक आपल्या बाजूला पाण्यावर टेकवायचं, बाकीची दोरी काठीमागे जेमतेम फुगू द्यायची, आणि टेकलेल्या टोकाचा आधार घेऊन ती पुढे उलगडायची. काठी लांब, आजच्या हिशेबाने बारा ते पंधरा फुटांची, म्हणून ती दोन्ही हातांनी धरायची. नदीच्या नावावरून या फेकीला स्पे कास्ट म्हणतात. मागे माड असणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीची विद्या नाही.

माझ्याकडे ही विद्या आली ती परदेशात राहणाऱ्या आतेभावामुळे. गणपतीला आला तेव्हा तेरा फुटी, चार तुकड्यांची काठी घेऊन आला, आणि जाताना सामानाचं वजन जास्त भरतंय म्हणून ती आमच्या माळ्यावर टाकून गेला. दिवाळीनंतर मी ती काढली. बाजूच्या वाडीतले एक काका रोज सकाळी पाग घेऊन खाडीवर येतात. त्यांनी दोन दिवस माझा खेळ बघितला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "पाण्यात मासो नाय, तू मारतस कोणाक?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे गरवणं म्हणजे गरीला सुंगट किंवा माशाचा तुकडा लावायचा, वर शिसं बांधायचं आणि भिरकावायचं. जड शिसं पुढे पळतं आणि हलकी दोरी त्याच्यामागे ओढली जाते. दगड फेकण्यासारखंच ते. स्पे कास्ट ज्यातली, त्या फ्लाय कास्टिंगमध्ये सगळं उलटं. गरीला पिसं आणि धागे बांधून केलेली माशी असते, ती फुंकरीने उडेल इतकी हलकी. ती हजार वेळा फेकलीत तरी पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीला दिलेलं असतं. दोरी जाड, वर प्लास्टिकचा लेप. फेकायची ती दोरी, माशी नुसती तिच्या शेपटीला धरून जाते. दोरीचे नंबरही वजनावरून ठरतात. एका हाताच्या काठीसाठी १९६१ साली अमेरिकेत ठरलेल्या मापाप्रमाणे पहिल्या ३० फुटांचं वजन धरतात. आठ नंबरच्या दोरीचं ते २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. दोन हातांच्या काठीची दोरी याहून बरीच जड असते.

इतकं कमी वजन साठ-सत्तर फूट जातं कसं, हे समजायला पोतराजाचा आसूड आठवा. मुठीकडचा झटका दोरीत शिरतो, दोरीला एक वळण पडतं, आणि ते वळण पुढे पुढे पळत जातं. वळणाच्या मागचा भाग थांबलेला, पुढचा भाग धावणारा. धावणारा भाग जसजसा आखूड होतो तसतशी तीच ताकद कमी कमी वजनात कोंडली जाते आणि वेग वाढत जातो. आसुडाचं टोक शेवटी आवाजाच्या वेगालाही मागे टाकतं. जो कडाका ऐकू येतो तो त्याचाच. फ्लायच्या दोरीत हेच वळण असतं, पण आवाज होता कामा नये. कडाका ऐकू आला की समजावं, माशी तुटून गेली. वळण अरुंद असेल तर दोरी वारा कापत जाते; रुंद असेल तर हवेतच बसते आणि पाण्यावर शेवया पसरल्यासारखी पडते. माझ्या शेवया पाहायला पहिल्या आठवड्यात बरीच मंडळी येऊन गेली.

पिसांची माशी करून मासे धरायची कल्पना जुनी आहे. इसवी सन २००च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय, की ते गरीला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची पिसं लावतात. पण या सगळ्या परदेशी प्रकरणात आपला मालही बराच गेला आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सॅमनसाठी ज्या भरजरी माश्या बांधत, त्यांत दोन्ही बाजूंना पिवळसर-पांढरा, मेणासारखा चकाकणारा ठिपका असलेलं पीस लावायची रीत होती. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं. हा पक्षी फक्त भारतातला, त्यातही मुख्यतः दक्षिणेचा आणि सह्याद्रीचा. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याला पहाटे जो आरवतो, तोच. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला हात लावता येत नाही आणि ते योग्यच आहे.

काठीचंही तसंच. आधी हिरवट, जड लाकडाच्या काठ्या होत्या. पुढे बांबू चिरून, त्याच्या सहा पट्ट्या तासून, चिकटवून षटकोनी काठी करायची कला अमेरिकेत आणि इंग्लंडात वाढली, आणि सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू इथून जायचा. व्यापारात त्याचं नावच 'कलकत्ता' होतं. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं, मग फायबरग्लास आला, १९७०च्या दशकात कार्बन फायबर आलं. माझ्या हातातली काठी कार्बनची आहे. काकांनी ती वाकवून बघितली आणि निकाल दिला की माणग्याची यापेक्षा बरी. माणगा हा आपल्या कोकणातला बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव बांबू. छत्रीच्या दांड्यापासून मांडवाच्या खांबापर्यंत सगळीकडे चालतो. गरवायच्या दांडीला तो उत्तमच, पण तेरा फुटांचा दोन हातांनी दिवसभर फिरवायचा म्हटला तर खांदे जातील. हे मी काकांना सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. स्पे कास्ट जन्मली वाहत्या पाण्यात आणि मी शिकत होतो थांबलेल्या पाण्यात. गडनदी सह्याद्रीतून निघते, कणकवलीवरून मसुऱ्याकडे येते आणि कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. मसुऱ्याशी पोचेपर्यंत तिच्यावर समुद्राचा हक्क सुरू झालेला असतो. दिवसातून दोनदा पाणी वर चढतं, दोनदा उतरतं. मधल्या काळात थोडा वेळ ते कुठेच जात नाही. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हा थांबा इतका छोटा असतो की हुकतो. भांगाला, अष्टमीच्या आगेमागे, ओढ मुळात कमी आणि थांबा लांब. वेळ काढायचं जुनं कोष्टक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळ मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. प्रत्येक खाडीत यात पुढे-मागे होतं, आतल्या गावात पाणी उशिरा पोचतं, ते आपलं आपण दोन दिवसांत बघून घ्यायचं. पण अष्टमीचा हा हिशेब मला फार आवडतो, कारण सकाळी सहा-साडेसहाला पाणी भरून थांबलेलं असतं आणि वाराही जमिनीवरून येणारा, मंद असतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की सगळा खेळ बदलतो.

थांबलेल्या पाण्यात शिकणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. ते अवघड निघालं. वाहती नदी शिकणाऱ्याला न सांगता मदत करत असते. दोरी पाण्यावर पडली की प्रवाह तिला खाली नेतो, ताणतो, वेडंवाकडं पडलेलं सरळ करतो. पुढची फेक सुरू करताना दोरी आधीच ताठ असते. थांबलेलं पाणी काही करत नाही. दोरी जशी पडली तशीच राहते, वळ्यांसकट. मग काठी उचलताना पहिला हातभर प्रवास नुसता ढिलाई गोळा करण्यात जातो, काठी वाकतच नाही, आणि न वाकलेली काठी म्हणजे न ताणलेलं धनुष्य. नदीत मी बरं फेकतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तलावावर जाऊन बघावं. काय काय नदीने केलं होतं ते कळेल.

त्यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा. फेक झाली की सुटलेली दोरी हाताने ओढून घ्यायची, आणि काठीचं टोक पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायचं. अगदी टेकेपर्यंत. टोक वीतभर वर राहिलं तर टोकापासून पाण्यापर्यंत दोरीचा झोका लोंबतो, तीच ढिलाई. माझं टोक खाली जात नव्हतं कारण मला वाटायचं, काठी ओली कशाला करायची.

इथून पुढची कृती जरा जवळून सांगतो. टोक पाण्यावर, दोरी समोर सरळ. उजवा हात वरच्या मुठीवर, डावा काठीच्या बुडाशी. आता उचल, सावकाश, पाण्यावरून चादर उचलावी तशी. घाईने उचललंत तर पाणी दोरीला धरून ठेवतं, फाटल्यासारखा आवाज येतो आणि तोंडावर शिंतोडे. काठी समोर अर्ध्यावर आली, दोरीचा बराचसा भाग पाणी सोडून सुटला, की न थांबता काठी बाजूने मागे न्यायची, वेग वाढवत, किंचित वर चढत. दोरी पाण्यावरून उडते, तिचं टोक तुमच्या बाजूला, काठीभर अंतरावर, थोडं पुढे टेकतं. हा नांगर. इंग्रजीतही त्याला नांगरच म्हणतात. बाकीची दोरी काठीमागे फुगलेली असते. काठी सरळ उभी आणि दोरी मागे पोट काढून: प्रत्यंचा आणि कमान यांची अदलाबदल केलेलं धनुष्य. त्या क्षणी पुढे फेकायचं आणि काठी उंचावरच एकदम थांबवायची. थांबवणं महत्त्वाचं, काठी थांबते तेव्हाच दोरी सुटते. मागे गेलेलं अंतर दहा-बारा फुटांहून जास्त नाही. माड शाबूत.

नांगर ही यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. तो बसलाच नाही तर मागची दोरी कशाला धरून ताणली जाणार? ती सुटून मागे जाते, झावळीत. फार बसला, म्हणजे दोरीचा मोठा भाग पाण्यावर लोळला, तर काठीची सगळी ताकद पाण्यातून दोरी सोडवण्यात खर्च. थांबलेल्या पाण्यात दुसरी चूक जास्त होते, कारण क्षणभर विचार करत राहिलात तरी दोरी बसायला लागते. म्हणूनच ज्या स्पे फेकींत नांगर टाकून मध्ये जरा थांबता येतं, त्या इथे जमायला जड जातात; टेकल्या टेकल्या निघणारी साधी फेक आधी पक्की करावी. काकांना नांगर, स्पे यांतलं काही माहीत नव्हतं, पण माझी चूक त्यांनी लांबून ओळखली. "पाण्यान दोरी धरल्यान. आदी ती सोडय, मगे ओढ."

त्यांना ती दिसणारच, कारण त्यांचं काम त्याच जातीचं आहे. पाग म्हणजे गोल फेकजाळं. मधोमध दोरी, ती मनगटाला बांधलेली. कडेला सगळीकडे शिशाचे मणी. जाळ्याचा काही भाग डाव्या कोपरावर, काही उजव्या हातात, आणि कडेचा एक मणी काहीजण दातांत धरतात. मग कमरेतून एक गिरकी. हात जाळं फेकत नाहीत, सोडतात. शिसं बाहेर पळतं, जाळं हवेत ताटासारखं उघडतं आणि पाण्यावर सगळी कड एकदम बसते. कड एकदम बसली नाही तर मासा बाजूने निघून जातो. पागातही वजन टोकाला एका जागी नसतं, पसरलेलं असतं, आणि पसरलेलं वजन फेकायला जोर नाही, क्रम लागतो. आधी कमर, मग खांदा, शेवटी हात. काका एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हातान टाकू नको, कमरेन टाक. आणि उघडूक येळ दी." इंग्रजी पुस्तकांनी जे चार पानांत सांगितलं होतं, ते हे एवढंच.

दोन हातांचं गणित मात्र पागापेक्षा वेगळं. उजव्या माणसाचा सगळा भर वरच्या, उजव्या हातावर जातो. तो ढकलतो, काठीचं टोक कुऱ्हाडीसारखं खाली येतं आणि दोरीचं वळण रुंद होतं. खरं काम खालच्या हाताचं आहे. वरचा हात टेकू, खालचा हात बूड पोटाकडे ओढतो. खालचा हात वीतभर हलला तर तेरा फुटांवरचं टोक कितीतरी फूट हलतं. ज्यांनी लांब काठीचा झेला घेऊन हापूस उतरवला आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. उंच फांदीवरचं फळ गाठताना वरचा हात फक्त सांभाळतो, झेला फिरतो तो खालच्या मुठीवर. हे लक्षात आलं त्या दिवशी माझी दोरी पहिल्यांदा पूर्ण उलगडली. समोर पलीकडे बांदिवड्याच्या बाजूला भगवंतगडाची टेकडी, इकडे माझ्यामागे भरतगड. एक बावडेकरांचा, एक सावंतांचा, मध्ये नदी. एके काळी या पाण्यावरून काय काय फेकलं गेलं असेल. माझी दोरी साठ फुटांवर संपली आणि मी खूश होतो.

वाऱ्याचा एक नियम पाळलाच पाहिजे: नांगर नेहमी वारा ज्या बाजूला वाहून नेतोय त्या बाजूला टाकायचा. उजवीकडून वारा असेल तर डाव्या खांद्यावरून. नाहीतर वेगाने निघालेली गरी वाऱ्याने तुमच्याच कानाकडे येते. शिकताना गरी बांधूच नये; टोकाला लोकरीचा झुपका पुरे. तरीही डोळ्यावर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच. आणि घरासमोरच्या खळ्यात सराव करायचा मोह टाळा. डोक्यावरून मागे-पुढे करायची साधी फेक जमिनीवर शिकता येते, ही नाही. जमीन दोरीला धरत नाही, नांगर बसत नाही, आणि चुकीची सवय तेवढी बसते.

थांबलेलं पाणी महाराष्ट्रात सगळीकडे आहे. पवई तलाव १८९१च्या सुमाराला बांधला, त्याच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीर मासा वाढवायचं काम चालवलंय. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचं वर्णन केलं आणि इथल्याच बोलीतलं नाव त्याला शास्त्रीय नाव म्हणून दिलं: खुद्री. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली आलं. म्हणजे साहेबांनी इथे काठ्या चालवल्याच. खाडीतली आपली पात्रं वेगळी: माशीवर धावून येतील ते तांबोशी आणि खजुरा. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो हा खजुरा, आणि तो जन्माला नर म्हणून येतो, मोठा झाला की मादी होतो. काळुंदर आणि बोय माशीला क्वचितच भुलतात. त्यांना पागच बरा.

सुरुवात करायचीच असेल तर पाऊस संपल्यावर करा. पावसात गडनदीला वरून येणारा लोंढा असतो, ते पाणी शिकण्याचं नाही. आणि तुटलेला नायलॉन कांदळात टाकून येऊ नका, तो बगळ्यांच्या पायात गुंततो आणि कुजत नाही. माझ्या त्या झावळीतल्या तीन गऱ्यांचं नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर त्याच्याच हातात घुसायच्या. पुढच्या पाडपाला काढून देतो म्हणालाय.